हसऱ्या कवितेचं चित्र भिंतीवर

हिंगोली जिल्ह्यात, कुरुंदा गावातल्या कुठल्याही घरात पाऊल टाका, बैठकीची भिंत ओळखीची वाटते. हार घातलेले आजोबा, लग्नाचा मोठा फोटो, शिवाजी महाराज किंवा बाबासाहेब, दाराशेजारी कालनिर्णय, एखाद्या घरी लाल मखमलीवर मण्यांनी भरलेलं ‘सुस्वागतम्’. या भिंतीवर विनोदी कवितेचं जुनं चित्र फ्रेम करून लावावं असं कुणी म्हटलं, तर पहिला प्रश्न येईल, कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी तितकीच रास्त उत्तरं आहेत. ती समोरासमोर यावीत म्हणून या लेखात दोन पात्रं योजली आहेत. एक मामा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मराठीचे शिक्षक. त्यांच्याकडे जुन्या अंकांच्या दोन लोखंडी पेट्या आहेत. दुसरी त्यांची भाची, नव्या स्लॅबच्या घराचं रंगकाम उरकून भिंतींकडे वळलेली. माणसं योजलेली आहेत, त्यांच्या तोंडची माहिती खरी आहे.

“मामा, तुमच्या पेटीतली थोडी पानं मला हवीत,” भाचीनं विषय काढला. तिची यादी तयार होती. ‘किशोर’ मासिकातल्या गमतीदार कवितांची रंगीत पानं, दिवाळी अंकांतल्या वात्रटिका आणि त्यांच्याशेजारची रेखाचित्रं, विंदा करंदीकरांच्या बालकवितांच्या पुस्तकातलं एखादं पान, जोडीला एडवर्ड लिअरची दोन-तीन इंग्रजी चित्रं. जिन्याच्या भिंतीवर सगळं ओळीनं लावायचं.

“पानं म्हणजे फाडून?”

“अलगद कापून.”

“पोरी, कुरुंद्यात राहून पुस्तकाला कात्री लावणार तू?”

मामांच्या या एका वाक्यात मोठा इतिहास होता. विचारवंत नरहर कुरुंदकरांचा जन्म १९३२ चा, नांदापूरचा. कर्मभूमी नांदेडची, पण आडनाव कुरुंद्याचं. १९८२ मध्ये ते गेले तेव्हा पन्नाशीचेही नव्हते, आणि तोवर त्यांच्या वाचनाचा दरारा साऱ्या महाराष्ट्रभर पसरला होता. मराठवाड्यातल्या शिक्षकांची एक अख्खी पिढी त्यांच्याकडे बघून पुस्तकं गोळा करू लागली. मामा त्या पिढीचे. पुस्तक हातात घ्यायचं, वाचायचं, त्यावर भांडायचं, ही त्यांची रीत. काचेमागचं पुस्तक त्यांना बंद झाल्यासारखं वाटतं.

भाचीनं उलट बाजूनं मुद्दा काढला. “छापलेलं चित्र भिंतीवर लावायची सवय आपल्याला नवी आहे का? आजीच्या देवघरातली लक्ष्मी कुठून आली? छापखान्यातूनच ना?”

तिचं बरोबर होतं. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसह १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली आणि देवादिकांची, पेशवाईतल्या पुरुषांची शिळाछाप चित्रं मराठी घरांत पोचू लागली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यापुरती असलेली तैलचित्रं त्या छापखान्यानं ओसरीवर आणली. ज्या घरात पुस्तक नव्हतं, त्या घरातही चित्र होतं.

“ती चित्रं टांगण्यासाठीच छापलेली होती,” मामांनी फरक दाखवला. “अंकातलं पान उलटण्यासाठी छापलेलं असतं. ‘आवाज’ दिवाळी अंकाची खिडकी आठवते का तुला? पानाला झरोका कापलेला. वरून दिसतं एक, पान उलटलं की निघतं भलतंच. संपादक मधुकर पाटकरांनी सगळी गंमत त्या उलटण्यात ठेवली होती. ते तू काचेत घातलंस तर काय उरेल? भोकाचा कागद.”

या मुद्द्यापुढे भाचीनं मान तुकवली आणि खिडकीचित्रं यादीतून गेली. पण तिनं लगेच दुसरं नाव घेतलं. व्यंगचित्रकार शि. द. फडणीस यांची ‘मोहिनी’ मासिकाच्या मुखपृष्ठांवरची चित्रंही अंकासाठीच काढलेली होती. १९६५ मध्ये मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांच्या चित्रांची ‘हसरी गॅलरी’ भरली, आणि भिंतीवर लावलेल्या चित्रांसमोर लोक उभे राहून हसले. मासिकातलं चित्र भिंतीवर गेलं म्हणून मेलं नाही.

“फडणीसांच्या चित्राला शब्द लागत नाहीत. तू कवितेचं चित्र लावायला निघालीस. कविता खाली राहिली आणि चित्र तेवढं वर गेलं, तर पाहणाऱ्याला कळणार काय?”

खरी कळीची जागा ही आहे. विनोदी कवितेचं चित्र एकटं उभं राहत नाही. उंदीर छत्री घेऊन का चाललाय, हत्तीच्या पायात चप्पल का, याचं उत्तर खालच्या चार ओळींत असतं. आणि त्या ओळी वाचल्यावर नजर पुन्हा चित्राकडे जाते, तेव्हा चित्रकारानं परस्पर घातलेली एखादी खोडी दिसते. ही ये-जा तोडली तर उरतं ते नुसतं शोभेचं पान. लिअरनं हे पुरतं ओळखलं होतं. १८४६ च्या त्याच्या पहिल्या विनोदी पुस्तकात प्रत्येक पाच ओळींच्या कवितेला त्यानं स्वतःच्या हातचं चित्र जोडलं. त्याचा पेशा निसर्गचित्रांचा. १८७३ ते १८७५ या काळात तो चित्रं काढण्यासाठी भारतात हिंडूनही गेला. पण आज जग त्याला ओळखतं ते त्या वेड्यावाकड्या नाकांच्या माणसांसाठी. बंगालीत सुकुमार राय यांनी ‘आबोल ताबोल’ची चित्रं स्वतः काढली. सप्टेंबर १९२३ मध्ये ते वारले आणि त्यानंतर काही दिवसांतच ते पुस्तक बाहेर आलं. दोन्हीकडे कवी आणि चित्रकार एकच.

मराठीत बहुतेक वेळा असं झालं नाही. आपल्याकडे कविता एकाची आणि चित्र दुसऱ्याचं. संपादकानं कविता चित्रकाराकडे धाडायची, अंकाची घाई, चार दिवसांत चित्र हवं. कवीचं नाव ठळक टाइपात, चित्रकाराची सही कोपऱ्यात, मुंगीएवढी. कित्येक पाठ्यपुस्तकांत तर पानावर तीही नाही.

भाचीचा सगळ्यात वजनदार मुद्दा इथून आला. “मामा, कवीचं नाव शाळेत घोकून घेता तुम्ही. चित्र कुणी काढलं ते कधी विचारलं? मी फ्रेमखाली दोन्ही नावं लिहिणार आहे.”

मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच नावं काढली. मडगावात जन्मलेले दीनानाथ दलाल. १९४५ मध्ये त्यांनी ‘दीपावली’ अंक काढला आणि १९७१ मध्ये ते गेले, तोवर मराठी पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठं त्यांच्या हातून उतरली होती. वसंत सरवटे, कोल्हापूरचे, पेशानं स्थापत्य अभियंता. नोकरी सिमेंट कंपनीत आणि रेषा साहित्याच्या दारात. जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ या नावानं लिहीत; त्या ठणठणपाळाला सरवट्यांनी हातोडा दिला, आणि तो हातोडा वाचकांच्या इतका डोळ्यांत बसला की दळवींचा चेहरा नंतर आठवावा. सरवटे २०१६ मध्ये वारले. नांदेडचे मधुकर धर्मापुरीकर यांनी वर्षानुवर्षं व्यंगचित्रं जमवली, त्यांवर लिहिलं, म्हणून मराठवाड्यात बसूनही या रेषेचा अभ्यास होऊ शकतो हे दिसलं. चित्रकाराला त्याचं नाव परत मिळावं, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा भाचीची जिन्याची भिंत सार्थकी लागेल असं या लेखकाला मनापासून वाटतं.

तरी मामांची एक शंका शिल्लक होती, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. “विनोद पहिल्यांदा हसवतो. दुसऱ्यांदा ओळख देतो. रोज जिना चढता-उतरता तोच विनोद? महिन्यात शिळा होईल.”

“कुठला विनोद, त्यावर आहे ते,” भाची म्हणाली.

दोघांनी मग पेटी उघडून बसकण मारली आणि वर्गवारी सुरू केली. वात्रटिका पहिल्या बाद झाल्या. रामदास फुटाणे यांच्यासारख्यांनी वात्रटिका व्यासपीठावरून गावोगावी नेली, आणि याच जिल्ह्यातल्या रूपूरच्या फ. मुं. शिंदे यांची मिश्कील कविताही लोकांना त्यांच्या तोंडूनच ऐकावीशी वाटते. २०१४ मध्ये सासवडच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. पण वात्रटिका त्या दिवसाच्या बातमीवर जगते. मंत्री बदलला, घोटाळा विसरला गेला, की चित्रातली टोपी कुणाची हेच कळत नाही. अंकात ती इतिहास म्हणून मोलाची आहे, जिन्यात ती मुकी होते.

विडंबनाची अडचण वेगळी. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावानं ‘झेंडूची फुले’ लिहिली ती त्या काळच्या कवींच्या लकबींवर. १९२३ च्या सुमारास पुण्यात जमलेलं रविकिरण मंडळ, माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, यांच्या कविता ज्यांना तोंडपाठ, त्यांची हसून पुरेवाट झाली. आता पाहुण्याला आधी मूळ कविता शिकवावी लागेल. मामांना हे बोलताना वाईट वाटत होतं. ती कविता त्यांच्या आवडीची. पण त्यांनीच ती बाजूला ठेवली.

उरली ती लहान मुलांसाठी लिहिलेली, तर्काला उलटं टांगणारी कविता. विंदांचं ‘राणीची बाग’ १९६१ चं, ‘एटू लोकांचा देश’ १९६३ चं. तिथल्या प्राण्यांना आणि माणसांना कुठल्याही बातमीची गरज नाही, कुठल्याही मूळ कवितेची ओळख लागत नाही. ज्ञानपीठ मिळालेला हा कवी मुलांसाठी लिहिताना एक पूर्ण जग उभं करतो, त्याचे नियम ठरवतो आणि मग ते काटेकोर पाळतो. अशा जगात विनोद शेवटच्या ओळीत दडवलेला नसतो, सगळीकडे पसरलेला असतो. म्हणून तो रोज बघितला तरी संपत नाही. चार वर्षांचं लेकरू त्यात प्राणी बघतं, दहा वर्षांचं यमक पकडतं, आजीला आणखी काही दिसतं. वर्गवारीचा निकाल असा की भिंतीसाठी हा प्रकार सगळ्यांत टिकाऊ.

आणि कुरुंद्याच्या दृष्टीनं तोच सगळ्यांत आपला आहे. हे जरा विस्तारानं सांगायला हवं.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हा मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाच्या हातात सचित्र मराठी अंक येऊ लागला, कुरुंद्यासारख्या गावात तो क्वचित कुणाकडे पोचला असेल. त्यामुळे मुंबईच्या एखाद्या वाड्यात जे जुनं म्हणून सापडतं, ते इथं सापडणार नाही. इथल्या माणसानं लहानपणी पाहिलेलं सचित्र विनोदी पान बहुतेक बालभारतीचं. ही संस्था १९६७ मध्ये स्थापन झाली आणि तिचं पुस्तक गावागावातल्या शाळेत गेलं. तिचंच ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू झालं. मोठे कवी, मोठे चित्रकार, रंगीत छपाई आणि परवडणारी किंमत. शाळेच्या कपाटात अंक यायचा, हातोहात फिरायचा, कोपरे दुमडून परत यायचा. मामांच्या पेटीतला अर्धा ऐवज हाच.

“म्हणजे आपला वारसा पन्नास वर्षांचाच?” भाचीनं विचारलं.

“छापलेला. तोंडी वारसा मोजू नको, तो पैठणच्या नाथांपर्यंत जातो.” एकनाथांचं विंचवाचं भारूड गावात कुणाला ठाऊक नाही? लग्नातले उखाणे, त्यातले कोपरखळ्या मारणारे, हीसुद्धा विनोदी कविताच. तिला चित्र कधी लागलं नाही, कारण म्हणणारा माणूसच चित्र होता, अंगात विंचवाचं विष भिनल्यासारखा नाचणारा. मामांचं म्हणणं होतं की हे भिंतीवर आणू नये. भाचीला वाटत होतं की गावातल्या एखाद्या चित्र काढणाऱ्या मुलाकडून भारुडाचं चित्र नव्यानं काढून घ्यावं. यावर दोघांचं एकमत झालं नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही.

आता कात्रीचा प्रश्न. तो छपाईच्या तंत्रानं सोडवला. जुन्या मासिकांत रेखाचित्र छापायचं ते जस्ताच्या लाइन ब्लॉकवरून. काळं म्हणजे काळं, पांढरं म्हणजे पांढरं, मधल्या छटा नाहीत. अशा चित्राची सहाशे ते बाराशे डीपीआयला स्कॅन केलेली प्रत तळहाताएवढ्या मूळ चित्रावरून ए-चार आकारात छापली तरी रेष शाबूत राहते. छटांची चित्रं हाफटोन ब्लॉकची. ती मोठी केली की ठिपके वर येतात, म्हणून ती मूळ आकारातच छापावीत. ‘किशोर’चे जुने अंक तर बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत वाचायला ठेवले आहेत. पान कापण्याची गरजच उरत नाही.

“मग मूळ पान पेटीत आणि नक्कल भिंतीवर,” मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदा सैलपणा आला.

नक्कल लावण्याला आणखी एक भक्कम कारण आहे. मासिकाचा स्वस्त कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनमुळे तो उजेडात पिवळा पडतो, मग तांबूस, मग कुरकुरीत होऊन तुटतो. रंगीत शाईचंही तसंच. हळदीत रंगवलेलं कापड उन्हात टाकलं की किती दिवस पिवळं राहतं, हे वसमत तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. फ्रेमच्या दुकानात मागे तपकिरी पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड ठोकून देतात. त्यातलं आम्ल हळूहळू कागदात उतरतं. म्हणून दुकानदाराला आम्लरहित पुठ्ठा मागावा, निदान मध्ये चांगला जाड पांढरा कागद तरी घालावा. चित्र काचेला चिकटू नये म्हणून कडेनं माउंटची पट्टी हवी. फ्रेमच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळते. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर याचा मोठा उपयोग. पश्चिमेचं ऊन येणारी भिंत टाळावी. कसर आणि वाळवी यांच्यासाठी वर्षातून एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू बघावी.

“आणि पेटी?” भाचीनं विचारलं. “२०२२ च्या जुलैत गावात पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं. पेटी जमिनीवर आहे, मामा.”

हा प्रश्न मामांना लागला, कारण त्याला उत्तर नव्हतं. पुरात भिंतीवर उंच लावलेलं वाचतं, खाली ठेवलेलं आधी जातं. ज्या संग्रहाला ते कात्रीपासून जपत होते, त्याला पाण्याची भीती जास्त होती. त्याच संध्याकाळी पेट्या माळ्यावर चढल्या आणि एकेक अंक स्कॅन करायचं ठरलं.

हक्काचा मुद्दा थोडक्यात. भारतीय कायद्यानुसार कवीचा किंवा चित्रकाराचा हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. लिअर केव्हाच मुक्त झाला. अत्रे १९६९ मध्ये गेले, त्यांचा हक्क २०२९ अखेरपर्यंत. दलालांच्या चित्रांचा २०३१ अखेरपर्यंत. विंदा आणि सरवटे तर पुढच्या पिढीपर्यंत. स्वतःच्या घरात लावण्यासाठी एखादी प्रत काढायला कायदा वाजवी मर्यादेत मुभा देतो. त्याच प्रती छापून विकायच्या असतील, हॉटेलात किंवा दुकानात लावायच्या असतील, तर प्रकाशकाची आणि वारसांची परवानगी घ्यावी, मोबदला द्यावा. ज्या चित्रकाराचं नाव आपण परत मिळवून देऊ म्हणतो, त्याचा पैसा बुडवणं बरोबर नाही.

शेवटचा वाद जागेचा झाला. भाचीच्या पहिल्या बेतात दोन फ्रेमा बैठकीतही होत्या, आजोबांच्या फोटोशेजारी. मामांनी ठाम नकार दिला. हार घातलेल्या फोटोखाली लोक भेटायला येतात, सुतकातही येतात. त्या भिंतीनं गंभीर राहायचं असतं. भाचीनं हे ऐकलं. जिना, मुलांची खोली आणि स्वयंपाकघराकडे जाणारी बोळकांडी, एवढ्या जागा ठरल्या. उंचीही बदलली. फ्रेमा मोठ्या माणसांच्या डोळ्यांसमोर लावायच्या की लेकरांच्या, यावर दोघांचं झटकन जमलं: जमिनीपासून साडेतीन फुटांवर, लेकरांना खालच्या ओळी वाचता येतील अशा. प्रत्येक फ्रेममध्ये अख्खं पान, चित्र आणि कविता एकत्र. खाली कवी, चित्रकार, अंक आणि वर्ष.

या लेखकाचा कौल असा की मामा मुळाबद्दल बरोबर होते आणि भाची भिंतीबद्दल. जुन्या पुस्तकांतली पानं कापून फ्रेममध्ये विकण्याचा धंदा जगभर चालतो, आणि त्यापायी चांगल्या प्रती कायमच्या मोडतात; मराठीत तो रुजू नये. आपल्या जुन्या बालपुस्तकांच्या धड प्रती आधीच थोड्या उरल्या आहेत.

तेव्हा वाचकांना विनंती. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे ‘किशोर’, जुनी बालभारती, दिवाळी अंक निघतील, तेव्हा ते रद्दीवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी एकदा चाळा. आवडलेलं पान मोबाइलनं नको, स्कॅनरनं टिपा; वसमत-नांदेडच्या झेरॉक्सच्या दुकानातही ते होतं. चित्रकाराची सही शोधून नाव लिहून ठेवा. आणि मूळ अंक घरात ठेवायला जागा नसेल, तर जवळच्या शाळेला किंवा वाचनालयाला द्या.